अंगी न लागलेलं लोखंड

मित्रांनो, मी एक जुनी कढई आहे. लोखंडाची, दोन कानांची, आतून काळीभोर आणि बाहेरून त्याहून काळी. आजकालच्या हलक्या, गुळगुळीत भांड्यांच्या रांगेत मला ठेवलं तर तुम्ही नाक मुरडाल आणि विचाराल, "हे अजून ठेवलंय कशाला?" हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर मला माझी गोष्ट सांगावी लागेल. आणि माझी गोष्ट म्हणजे एका बहिणीची आणि तिच्या भावाचीच गोष्ट आहे.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. जुन्या टाकीचा जाड पत्रा त्याने लालबुंद तापवला, दगडातल्या खळग्यावर ठेवला आणि हातोड्याने बडवायला सुरुवात केली. त्या दिवसातलं मला फारसं आठवत नाही. खूप मार खाल्ला आणि शेवटी पाण्यात बुडाल्यावर चर्र आवाज झाला, एवढंच. कान मात्र त्याने घाईत जोडले, म्हणून एक थोडा वाकडा राहिला. मला विकत घ्यायला आलेल्या बाईने त्या कानाकडे पाहिलंच नाही. तिने मला बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाली, "माझ्या मुलीलाही पुरेल ही."

मी मुलीच्या हाती आले, पण फार लवकर. बाई आजारी पडून गेली, तेव्हा मुलगी शाळेत होती आणि तिचा भाऊ अजून चालताना पडत होता. वडील कामावरून उशिरा येत. मुलीने स्टूल ओढलं, त्यावर उभी राहिली आणि मला चुलीवर ठेवलं. पहिल्या दिवशी कांदा करपला. भाऊ तोच कांदा बोटांनी उचलून खात होता आणि ती त्याला विचारत होती, "चांगलाय ना?" त्याने मान हलवली. त्याचं पोट भरलं की तिचं भरायचं, हे त्या दिवसापासून सुरू झालं.

तिला सगळे अक्का म्हणू लागले. ती एका छापखान्यात पुस्तकं बांधायची. संध्याकाळी यायची तेव्हा तिच्या बोटांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे असायचे. आधी ते खरवडायचे, मग माझ्याकडे वळायचं, हा तिचा क्रम. भावाला ती छोटू म्हणायची. पुढे छोटू चांगला उंच झाला, मिशा आल्या, त्या पिकायलाही लागल्या, तरी तो छोटूच राहिला. त्याने काच बसवण्याचं काम शिकून घेतलं आणि घराखालच्या गाळ्यात दुकान टाकलं. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे अरुंद जिना. खिडक्यांच्या काचा, आरसे, दुकानांच्या मोठ्या दर्शनी काचा असं सगळं तो करायचा. हिरा लावलेल्या लेखणीने काचेवर रेघ ओढताना येणारा तो बारीक किर्र आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. दोघांनीही लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायची.

ती माझी चांगली वर्षं होती. सकाळ-संध्याकाळ मी विस्तवावर असायची. आलेला पाहुणा चार घास जास्त खायचा आणि अक्का म्हणायची, "माझं काही नाही, कढईची करामत आहे." मला ते ऐकून बरं वाटायचं. लोखंड असलं म्हणून काय झालं, कौतुक कुणाला नको असतं?

पुढे छोटूने हौसेने एक नवं भांडं आणलं. त्याला काही चिकटत नव्हतं आणि ते एका हाताने उचलता येत होतं. अक्काची मनगटं दुखायला लागली होती, त्यामुळे तिने कुरकुर केली नाही. मी मोरीखालच्या कोनाड्यात गेले. तिथे ओल होती. हळूहळू माझ्या अंगावर तांबडे डाग पडले. मी कुणाला दोष देत नाही, मित्रांनो. घरात जागा थोडी असली की जे लागत नाही ते खाली जातं.

त्याच काळात छोटूचंही काहीतरी बिनसत होतं. मी कोनाड्यात होते, पण कान होते ना मला, एक वाकडा असला तरी. मोठमोठ्या काचा उचलून त्याचा खांदा दुखायचा. तो औषधाच्या दुकानातून दुखण्यावरच्या गोळ्या आणायचा आणि त्या चहाबरोबर गिळायचा. हे वर्षानुवर्षं चाललं. मधे एकदा कुठल्याशा तपासणीत त्याचा रक्तदाब वाढलेला निघाला. त्यावरच्या गोळ्या त्याने थोडे दिवस घेतल्या आणि सोडल्या.

"का सोडल्यास?" अक्काने विचारलं होतं.

"बरं वाटतंय की. बरं वाटत असताना कोण औषध घेतं?"

मग बरं वाटेनासं झालं. संध्याकाळी मोजे काढले की पायावर खोल वळ दिसायचे. चेहरा फिका पडला. अंगाला खाज सुटायची. जिना चढताना तो वळणावर थांबायचा, आणि वरून अक्का म्हणायची, "काय रे, हिशेब करतोयस का पायऱ्यांचा?" तो हसायचा, पण हसायलाही त्याला दम लागायचा.

शेवटी तो दवाखान्यात गेला. परत आला तेव्हा अक्का भांडी पुसत होती.

"काय म्हणाले?"

"किडनीचं काहीतरी आहे म्हणाले. गोळ्या दिल्यात. आणि रक्त कमी आहे."

"किती कमी?"

"बरंच."

त्याने एवढंच सांगितलं आणि खाली दुकानात निघून गेला. अक्काच्या मनात 'किडनीचं काहीतरी' राहिलं नाही, कारण त्यावर तिला काही करता येण्यासारखं नव्हतं. 'रक्त कमी' मात्र राहिलं. त्याच्यावर बाईमाणसाला घरात काहीतरी करता येतं, असं तिला वाटलं.

समोरच्या बिऱ्हाडात एक टॅक्सीवाला राहायचा. मनाने सोन्यासारखा, पण प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे उपाय तयार असायचा, आणि त्यासाठी त्याला विचारावंही लागत नसे. त्याने दारातच सांगून टाकलं, "अक्का, रक्त कमी म्हणजे लोह कमी. पालक द्या, टोमॅटो द्या, बीट द्या, खजूर द्या. आणि सगळं करायचं लोखंडाच्या कढईत. माझ्या आत्याला यानेच फरक पडला."

त्याच दुपारी अक्काने मला कोनाड्यातून ओढून काढलं. राख आणि काथ्या घेऊन ती माझ्याशी अशी झटली की माझा गंज तर गेलाच, वर तिची बांगडी वाढवली. मग मला कोरडं करून, तेलाचं बोट फिरवून शेगडीवर ठेवलं. खरं सांगते, मला धन्य वाटलं. इतकी वर्षं मी फक्त अन्न शिजवलं होतं. आता तर माझ्या अंगातलंच लोखंड त्याच्या अंगात जाणार होतं. आणखी काय हवं?

पालक आणि टोमॅटो माझ्यात शिजवून अक्का ते मुद्दाम तसंच ठेवून द्यायची, म्हणजे लोखंड जास्त उतरेल. टोमॅटोच्या आंबटपणाने माझं बूड चुरचुरायचं. भाजी काळपट व्हायची.

"अक्का, ही भाजी आहे की डांबर?"

"लोखंड उतरलंय. मुकाट्याने खा."

"उद्या माझ्या छातीला चुंबक चिकटेल."

"चिकटू दे. सापडशील तरी लवकर."

तो खायचा. लहानपणी खायचा तसाच, तिच्याकडे बघत. पण त्याच्या चेहऱ्यावर रंग काही येईना. लोहाच्या गोळ्याही चालू होत्या. त्यांनी पोट तेवढं जड झालं. एकदा खाली दुकानात मोठी काच उचलताना त्याच्या हातांतली शक्तीच गेली आणि काच जमिनीवर फुटली. तो आवाज ऐकून अक्का जिना उतरून धावली. छोटू फुटलेल्या काचेच्या मधोमध खुर्चीवर बसून होता. कुठे कापलं नव्हतं. पण एवढ्या वर्षांत त्याच्या हातून काच कधी निसटली नव्हती, आणि तो आपल्या तळहातांकडे बघत होता.

अक्का वर आली ती ओठ आवळूनच. तिने पालकाची जुडी दुप्पट केली. सकाळी संत्र्याचा रस, दुपारी खजूर. माझं तर दिवसभर शेगडीवरून उतरणंच बंद झालं.

आणि मग ती सकाळ आली. मी शेगडीवर होते, पालक नुकताच मऊ पडत होता. छोटू पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला धरून खाली बसला. बसला म्हणजे पायच गळून गेले.

"अक्का, पाय उचलत नाहीयेत."

"मुंग्या आल्यात का?"

"नाही गं. आहेत असं वाटतच नाहीये. आणि छातीत... मधेच थांबल्यासारखं होतंय."

अक्काने शेगडी बंद केली. तिने त्याच्या छातीवर हात ठेवला, आणि तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. दार उघडून तिने टॅक्सीवाल्याला हाक मारली. तो साबण लावलेल्या गालाने तसाच आला. दोघांनी मिळून छोटूला जिन्यावरून उतरवलं. खाली टॅक्सीचं दार आपटल्याचा आवाज झाला आणि घर एकदम रिकामं झालं. मी अर्धवट शिजलेला पालक पोटात घेऊन थंड होत गेले.

पुढचं मला नंतर बोलण्यातून कळलं. छोटूच्या रक्तात पोटॅशियम नावाचा क्षार फार वाढला होता. हृदयाची चाल बिघडायला लागली होती. दवाखान्यात लगेच इंजेक्शनं दिली, यंत्राच्या पडद्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं आणि तो वाचला. तिथल्या एका नर्सने अक्काला साधा प्रश्न विचारला होता, "हल्ली खाण्यात काय काय होतं?" अक्का अभिमानाने सांगायला लागली, पालक, टोमॅटो, खजूर, संत्र्याचा रस. नर्सचं लिहिणं थांबलं. तिने मान वर करून अक्काकडे पाहिलं. त्या नजरेतून अक्काला समजायचं ते समजलं.

ती कपडे न्यायला घरी आली. सरळ माझ्यापाशी आली, माझ्यातला शिळा पालक ओतून दिला आणि मला दोन्ही कानांनी धरून दाराबाहेर नेऊन ठेवलं. तिथे फुटक्या काचांची पेटी असायची. भंगारवाला आला की ती घेऊन जायचा. मला तिने त्या पेटीवर ठेवलं आणि दार लावून घेतलं.

मी तिला काय सांगणार होते? मला तोंड नाही. आणि असतं तरी मला स्वतःलाच कळत नव्हतं की माझ्याकडून काय झालं. मी तर माझ्यातलं उत्तम तेवढंच दिलं होतं.

भंगारवाला यायच्या आधी छोटू घरी आला, हे माझं नशीब. टॅक्सीवाल्याच्या खांद्यावर हात टाकून तो जिना चढत होता. दारापाशी त्याने मला पाहिलं.

"आईची कढई इथे का?"

अक्काने कुलूप उघडत उत्तर दिलं, "नको आहे ती मला घरात."

"का?"

"तुला मारत होते मी तिच्यात शिजवून शिजवून. अजून काय ऐकायचंय?"

टॅक्सीवाला जमिनीकडे बघत म्हणाला, "अक्का, सांगितलं तर मीच होतं."

"तुम्ही सांगितलंत. शिजवलं मी."

छोटूने वाकून मला उचलायचा प्रयत्न केला. त्याला मी जड झाले. तेव्हा टॅक्सीवाल्याने मला उचलून आत नेलं. छोटू म्हणाला, "परवा डॉक्टरांकडे जायचंय ना? ही बरोबर घेऊ. डॉक्टरबाईच सांगतील तुला. माझ्या सांगण्यावर तू विश्वास ठेवायची नाहीस."

अशा रीतीने मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्यात गेले, कापडी पिशवीत बसून.

मूत्रपिंडाच्या डॉक्टर म्हणजे एक मध्यम वयाच्या बाई होत्या. खोली लहान होती. कोपऱ्यात वजनाचा काटा, टेबलावर मूत्रपिंडाची प्लॅस्टिकची प्रतिकृती. छोटूने मला पिशवीतून काढून त्या प्रतिकृतीच्या शेजारी ठेवलं. टेबल दणकलं. डॉक्टर हसतील असं मला वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या काठावरून बोट फिरवलं.

"यात करत होतात का?"

"हो," अक्का म्हणाली. "रक्त वाढावं म्हणून. वाढलं नाही आणि उलट..."

"अक्का, अशा कढईतून थोडं लोह अन्नात उतरतं, हे खरं आहे. तुमचं चुकलं असं नाही. पण यांच्या शरीरात ते आत घेणारं दारच बंद झालंय."

"कसलं दार?"

डॉक्टर छोटूकडे वळल्या. "तुम्ही काचेचं काम करता ना? माल कुठे ठेवता?"

"मागच्या गोदामात."

"समजा, गोदामात काच आहे, पण दाराला कुलूप आहे. कारागीर खिडकीपाशी हात बांधून बसलाय. काय होईल?"

"काम अडेल."

"तेच झालंय. शरीर जुन्या रक्तपेशी मोडतं आणि त्यांतलं लोह पुन्हा वापरतं. रोजचं बरंचसं लोह असंच मिळतं. अन्नातून फार थोडं येतं. काही लोह गोदामात साठतं आणि लागेल तसं हाडांच्या आत, जिथे नवं रक्त बनतं, तिथे पोचतं. या सगळ्या दारांवर एक पहारेकरी आहे. यकृत त्याला पाठवतं. हेपसिडिन म्हणतात त्याला. तो आला की आतड्याचं दार बंद, गोदामाचंही बंद."

"मग तो जातो कधी?" अक्काने विचारलं.

"चांगली मूत्रपिंडं त्याला रक्तातून काढून टाकायला मदत करतात. यांची मूत्रपिंडं थकलीयत, त्यामुळे तो साचून राहतो. शिवाय या आजारात शरीराला आतून बारीक सूज असते. त्या सुजेमुळे यकृत आणखी पहारेकरी पाठवत राहतं."

"म्हणजे मी कितीही घातलं..."

"दाराशी येऊन परत जात होतं. यांच्या रिपोर्टातही तेच दिसतंय. साठ्याचा आकडा बरा आहे, पण रक्तातून फिरणारं लोह फार कमी. आणि आणखी एक गोष्ट. 'रक्त बनवा' असा निरोप हाडांकडे मूत्रपिंडंच पाठवतात. आता तो निरोपही क्षीण झालाय."

अक्का म्हणाली, "माल अडकलेला, आणि वर मागणीही पोचत नाही."

"अगदी बरोबर."

"पण मग त्या दिवशी पायातलं बळ गेलं ते?"

"ते वेगळं. पालक, टोमॅटो, खजूर, संत्र्याचा रस यांत पोटॅशियम भरपूर असतं. तुमच्या-माझ्या शरीरातून जादाचं लघवीवाटे निघून जातं. यांच्या शरीरातून जात नाही. ते साठलं की हृदयावर येतं." डॉक्टर जरा थांबल्या. "पहिल्या वेळी आहाराबद्दल सांगितलं नव्हतं का कुणी?"

अक्काने छोटूकडे पाहिलं. छोटूने वजनाच्या काट्याकडे पाहिलं.

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "मला. मी घरी सांगितलं नाही."

"का?" अक्काचा आवाज बारीक झाला होता.

"तू घाबरशील म्हणून."

"आणि आता काय मी नाचत होते दवाखान्यात?"

डॉक्टरांनी उगाच कागद चाळल्यासारखं केलं, त्या दोघांना वेळ मिळावा म्हणून. मग अक्काने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "पुढचं सांगा."

पुढचं असं ठरलं. लोह तोंडातून न देता शिरेतून द्यायचं, म्हणजे आतड्याचं बंद दार टाळता येतं. ते सावकाश द्यायचं, नर्सच्या देखरेखीखाली, आणि मोजून द्यायचं. कारण शरीराला जादाचं लोह बाहेर टाकता येत नाही, साठलं तर त्याचाही त्रास होतो. थोड्या दिवसांनी, हाडांना रक्त बनवायचा निरोप देणारं दुसरं इंजेक्शन. रक्तदाबाच्या गोळ्या न चुकता. दुखण्यावरच्या गोळ्या मनाने कधीच नाहीत, कारण मूत्रपिंडं थकली ती त्या गोळ्यांनी आणि वाढलेल्या रक्तदाबानेच.

"आणि ही?" अक्काने माझ्याकडे बोट केलं. "टाकून देऊ?"

डॉक्टर तेव्हा पहिल्यांदा हसल्या. "हिने काय केलंय? ठेवा की. फक्त तिच्यात काय शिजवायचं ते आमच्या आहारवाल्या ताईंना विचारून ठरवा."

त्या दिवशी परतताना मी पिशवीत होते, पण पिशवी अक्काच्या मांडीवर होती. एका हाताने तिने पिशवी धरली होती आणि दुसऱ्याने भावाचं मनगट.

घरी वेगळाच स्वयंपाक सुरू झाला. भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे बरंचसं पोटॅशियम त्याबरोबर जातं, आणि मग माझ्यात परतायची. कोबी चालेल, पालक नको. मीठ अगदी बेताचं. छोटू पहिल्या घासाला म्हणाला, "याला चव कुठाय?" आणि अक्का म्हणाली, "ती पाण्याबरोबर गेली. आठवण काढत खा."

शिरेतून लोह घेतल्यावर तो काही लगेच उड्या मारायला लागला नाही. पहिले काही दिवस काहीच कळलं नाही, आणि अक्काचा जीव टांगणीला लागला. मग हळूहळू कानाच्या पाळ्यांवर रंग आला. तो जेवताना दम न लागता बोलायला लागला. एक दिवस खालून काचेवर रेघ ओढल्याचा किर्र आवाज आला आणि अक्काचा हात माझ्यावरच थांबला. ती तशीच ऐकत उभी राहिली. भाजी बुडाला लागली.

मित्रांनो, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. छोटू बरा झाला असं नाही. थकलेली मूत्रपिंडं पुन्हा पूर्वीसारखी होत नाहीत. पुढे कधीतरी यंत्राने रक्त साफ करून घ्यावं लागेल, हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं आहे, आणि या वेळी त्याने ते त्याच संध्याकाळी अक्काला सांगितलं. मोठ्या काचांची कामं त्याने ओळखीच्या कारागिराला देऊन टाकली. ते देताना त्याला जड गेलं. आता तो बसून छोटे आरसे कापतो, त्यांच्या कडा घासतो, चौकटी लावतो. त्याचे आरसे दूरदूरच्या घरांत गेले आहेत.

आता शेवटची एक गोष्ट. छोटूला इंजेक्शन घ्यायचं होतं, म्हणून अक्का नेहमीप्रमाणे बरोबर गेली होती. दवाखान्याचा जिना चढून ती बाकावर टेकली. नर्स म्हणाली, "अक्का, बसल्याबसल्या तुमचाही रक्तदाब बघू या का?" अक्काने नको नको म्हटलं. "मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत आहे." पण नर्सने तोपर्यंत दंडाला पट्टा गुंडाळला होता. रक्तदाब बराच वाढलेला निघाला. पुन्हा तपासला, पुन्हा तेच. लघवीची तपासणी झाली, तीत प्रथिनं जाताना दिसली. मूत्रपिंडांवर ताण पडायला सुरुवात झाली होती, पण अगदी सुरुवातच. डॉक्टर म्हणाल्या, "वेळेवर आलात. आता औषध चुकवलं नाहीत तर पुष्कळ काही वाचवता येईल."

घरी आल्यावर अक्का पाटावर बसून राहिली. चिडली होती, कुणावर ते तिलाही माहीत नसावं.

"मला काहीच होत नव्हतं," ती म्हणाली. "काहीच दुखत नव्हतं."

"मलाही नव्हतं दुखत," छोटू म्हणाला. "खांदा सोडला तर."

त्याने बाह्या वर केल्या. कोबी घेतला आणि काचेवर रेघ ओढावी तसा नीट सरळ चिरायला लागला. उकळला, पाणी ओतलं, मला शेगडीवर ठेवलं. मला कळलं की या हाताला तेल किती तापवायचं ते माहीत नाही. फोडणी अर्धी जळली. कोबी एका बाजूने करपला आणि दुसऱ्या बाजूने कच्चा राहिला. मी माझ्या परीने सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला, पण लोखंड तरी किती सांभाळणार?

त्याने ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं. अक्काने एक घास खाल्ला. सावकाश चावला.

"मीठ?"

"डॉक्टरांनी कमी सांगितलंय."

"तुला सांगितलंय."

"आजपासून तुलाही."

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दुसरा घास घेतला आणि तिसरा, आणि ताट स्वच्छ केलं.

म्हणून मित्रांनो, मला तुमच्याकडे एवढंच मागायचं आहे. घरात कुणाचा चेहरा फिका पडला, कुणाचे पाय सुजले, कुणी जिन्यात थांबायला लागलं, तर त्यांच्या ताटात आपल्या मनाने काही वाढू नका. आधी त्यांना तपासायला घेऊन जा. डॉक्टर जे सांगतील ते घरी सांगा, घाबरवणारं असलं तरी सांगा. आणि जे ठणठणीत आहेत असं म्हणतात, त्यांचाही दंड धरून एकदा पट्टा बांधा.

मी लोखंड आहे. माझी हेळसांड झाली तर मी तांबडी होते, कुणालाही लांबून दिसते. मूत्रपिंडं तशी नाहीत. ती गप्प राहून काम करतात आणि गप्प राहूनच थकतात. त्यांची विचारपूस आपणच करायला हवी.